चैत्यभूमीपुढे आपण काय मागतो?



६ डिसेंबर जवळ आला की तलासरीकडची आपली कुटुंबे डहाणू रोडला येऊन गाडीने दादर गाठतात. घरातले मूल विचारते, "आपण देव सोडले, नवस सोडले, मग तिथे का वाकायचे?" प्रश्न रास्त आहे. मुलाला दटावू नका.

पूज्य बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकाठी अंत्यसंस्कार झाले. तेथील स्तूपाचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते झाले. स्तूप हे स्मरणस्थान आहे. तो कुणाला काही देत नाही.

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत माणूस नवस बोलतो आणि फेडतो. चैत्यभूमीवर मेणबत्ती लावून जो मुलाची नोकरी मागतो, त्याने देव बदलला, मन नाही. राजकारणातील विभूतिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता.

मग जाऊच नये काय? अवश्य जावे. कृतज्ञता म्हणजे याचना नव्हे. महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांनी स्तूपवंदनेला मान्यता दिली. परंतु धम्माप्रमाणे वागणाराच तथागतांचा खरा सन्मान करतो, असेही सांगितले.

म्हणून वाकावे, पण मागू नये. परतताना शिवाजी पार्कवरच्या दुकानांतून एक पुस्तक आणावे आणि प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाकडूनच ते घरात मोठ्याने वाचून घ्यावे.

जयभीम!