जगाचा अभ्यास आणि जिल्ह्याचे ठिकाण

इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र आणि साहित्य यांच्या सीमा ओलांडून जगाकडे परस्परांत गुंतलेली एक व्यवस्था म्हणून पाहणाऱ्या ज्ञानशाखेस आज ‘जागतिक अध्ययन’ म्हणतात आणि विद्यार्थ्यास एकाच विषयात कोंडून न ठेवता त्याच्या विचारशक्तीची मशागत करू पाहणाऱ्या ‘लिबरल आर्ट्स’ म्हणजे उदारशिक्षणाच्या महाविद्यालयांत तिला मानाचे स्थान असते. ही कल्पना अमेरिकेत तयार होऊन अलीकडे पुण्याच्या खासगी विद्यापीठांत उतरली, असा समज सर्रास आढळतो. तथापि मराठीतील तिची वाटचाल शतकाहून जुनी असून ती बहुतांशी महाविद्यालयांच्या भिंतींबाहेर झाली आहे.

पंडिता रमाबाई यांनी अमेरिकेतील वास्तव्यानंतर 1889 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात शासनपद्धती, शिक्षण, धर्म आणि स्त्रियांची स्थिती यांचा एकत्र विचार केला असून त्यामागे स्वदेशाशी तुलनेची दृष्टी सतत जागी आहे. परंतु या दृष्टीला पद्धतीचे रूप दिले ते श्रीधर व्यंकटेश केतकरांनी. कॉर्नेल विद्यापीठात भारतीय जातिसंस्थेवर संशोधन करून परतलेल्या केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड सिद्ध केले, त्यांपैकी पहिले पाच प्रस्तावनाखंड असून त्यांतील पहिल्याचे नावच ‘हिंदुस्थान आणि जग’ असे आहे. अकारविल्हे नोंदी सुरू करण्यापूर्वी वेदविद्या, बुद्धपूर्व आणि बुद्धोत्तर जग आणि विज्ञानाचा इतिहास यांची सलग मांडणी वाचकापुढे ठेवण्यात केतकरांची भूमिका दिसते: सुटी माहिती म्हणजे ज्ञान नव्हे, आणि भारताचे स्थान जगाच्या इतिहासात निश्चित केल्याशिवाय भारताचाही अभ्यास पुरा होत नाही. विद्यापीठाच्या आश्रयाविना, मर्यादित कंपनी काढून आणि वर्गणीदार जमवून हे कार्य पार पडले, ही गोष्ट तत्कालीन उच्च शिक्षणाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट 1942 पासून स्थानबद्ध असलेल्या काँग्रेसनेत्यांची मंडळी हे याच विचाराचे वेगळे उदाहरण होय. जवाहरलाल नेहरूंनी 1944 मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ येथेच लिहिले, मौलाना आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे येथेच उतरली, आणि बौद्ध दर्शनाचे अभ्यासक आचार्य नरेंद्र देव त्यांच्या सोबतीला होते. विद्वान एकत्र बसले, एवढ्यानेच ज्ञानशाखांचा मेळ होतो असे नव्हे. येथे तो झाला, कारण स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाचे जगात स्थान काय, हा प्रश्न सर्वांपुढे समान होता. विषयांची बेरीज करणे आणि एका प्रश्नासाठी विषय कामास लावणे यांतील फरक आजच्या अभ्यासक्रमांत बहुधा हरवतो.

तो फरक जाणणारे अर्थशास्त्रज्ञ म्हणजे गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. जावाच्या स्वस्त साखरेपुढे टिकाव न लागणाऱ्या देशी साखरधंद्याला 1932 च्या संरक्षक कायद्याने बळ मिळाले, दारणा आणि प्रवरेच्या कालव्यांचे पाणी उसाला मिळू लागले, तरी नफा खासगी कारखानदारांकडेच जात राहिला. या पार्श्वभूमीवर विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने याच जिल्ह्यातील लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याचे अध्यक्षपद गाडगीळांनी स्वीकारले. जागतिक बाजार, जलसिंचन, जमीनधारणा आणि गावकी यांचा एकत्र विचार केल्यावाचून हा कारखाना समजून घेणे शक्य नाही.

भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी 1947 मध्ये स्थापन केलेल्या अहमदनगर महाविद्यालयाने आणि त्याच्याशी संलग्न ग्रामीण विकास अभ्यास केंद्राने गावाच्या अभ्यासाला उच्च शिक्षणात जागा दिली, तरी राज्यातील महाविद्यालयांची सर्वसाधारण घडण कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा बंदिस्त शाखांचीच राहिली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयासोबत इतर शाखांतील विषय घेण्याची मुभा दिली खरी, परंतु मुभा म्हणजे मेळ नव्हे: अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने श्रेयांकांपुरता भूगोल घेतला आणि दोन्ही अध्यापकांची कधी गाठच पडली नाही, तर आंतरविद्याशाखीयता वेळापत्रकातच राहते.

अहिल्यानगरजवळच्या नेप्ती उपबाजारातील कांद्याचे उदाहरण येथे पुरेसे आहे. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, मे 2024 मध्ये ती किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क लावून खुली केली. या एका घटनेत लहरी पाऊस, शहरी ग्राहकांचा रोष, निवडणुकीचे गणित, बांगलादेशासारख्या आयातदारांशी संबंध आणि शेतकऱ्याचे कर्ज यांची गुंतागुंत आहे. तिचा उलगडा एका शास्त्राच्या आवाक्यातला नाही आणि त्यासाठी परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार करण्याचीही गरज नाही. परदेशी विद्यार्थ्यांची सहल आणून आणि भिंतीवर नकाशे लावून जागतिक अध्ययनाचा विभाग उघडण्यापेक्षा जिल्ह्यातील महाविद्यालयांनी अर्थशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र आणि मराठी या चार विभागांच्या अध्यापकांना एकाच प्रबंधिकेचे संयुक्त मार्गदर्शक नेमावे, आणि ती मराठीत लिहिण्याची परवानगी द्यावी.