भिडेवाड्यातील शाळा

पुण्याच्या बुधवार पेठेतील जीर्ण भिडेवाडा इ. स. २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडला गेला. येथेच १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढिली. मिस फरार बाई १८२७ साली समुद्र ओलांडून आल्या व १८६२ साली अहमदनगरासच प्रभूमध्ये निजल्या. त्यांची तेथील मुलींची शाळा जोतीरावांनी आधी पाहिली होती. सावित्रीबाईंवर लोक वाटेत शेण टाकीत, म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर नेत, असे सांगतात. वाडा गेला याचा आम्हांस खेद वाटतो खरा. परंतु प्रभूने बाळकांस जवळ बोलाविले, तेव्हा मुलगे तेवढे निवडले नव्हते. आणि आमच्यांतील कित्येक घरी कापणी आली की मुलगीच धाकट्या भावापाशी बसविली जाते. उपदेशकांनी येत्या रविवारी तिच्या बापास तिच्याविषयी विचारावे.