आठवा की नववा

मेनिंगोकोकस हा जिवाणू मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. सकाळी नुसतं तापलेलं पोर रात्रीपर्यंत अत्यवस्थ होऊ शकतं, इतका हा आजार घाईचा. या जिवाणूच्या अंगावर साखरेचं कवच असतं. त्याच्या ‘बी’ आणि ‘सी’ गटांचं कवच तर एकाच साखरेचं, सायलिक आम्लाचं. एका रेणूत नऊ कार्बन, आणि अशा रेणूंची लांबच लांब माळ. ‘सी’मध्ये प्रत्येक रेणू पुढच्याच्या नवव्या कार्बनशी जोडलेला, ‘बी’मध्ये आठव्याशी. आगगाडी आगगाडी खेळताना पोरं पुढच्याच्या खांद्याला धरतात, नाहीतर सदऱ्याला. गाडी तीच राहते. इथे मात्र तेवढ्यानं सगळंच बदलतं.

‘सी’ची साखर प्रथिनाला जोडून लस झाली. ब्रिटनने १९९९ मध्ये ती द्यायला सुरुवात केली आणि तिथला त्या गटाचा आजार झपाट्याने ओसरला. ‘बी’च्या साखरेची मात्र शरीर फारशी दखलच घेत नाही. कारण आठव्या कार्बनची हीच माळ गर्भातल्या बाळाच्या मेंदूपेशींवरही असते. घडत असलेल्या मेंदूत पेशींना जागा बदलावी लागते. ही माळ त्यांना एकमेकींना घट्ट चिकटू देत नाही. तिच्यावर तुटून पडायचं म्हणजे घरच्यांवरच हात उचलायचा. नवजात बाळांना हाच आजार देणाऱ्या ई. कोलाय के-१ चं कवचही नेमकं हेच.

याला जिवाणूचा कावा म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. काव्याला डोकं लागतं. ज्यांच्या अंगावर ही साखर होती ते जास्त तगले, इतकंच. आणि शरीर फसलं म्हणावं, तर तेही नाही. प्रतिकारशक्ती ‘वाढवणाऱ्या’ काढ्यांच्या जाहिराती करणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं, की हात आवरणं हेही तिच्याच कामात येतं.

शेवटी संशोधकांनी साखरेचा नाद सोडला. रिनो राप्पुओली यांच्या गटाने जिवाणूचा जनुकसंच चाळून पृष्ठभागावरची प्रथिनं निवडली आणि २०१३ मध्ये युरोपात ‘बी’ची लस मंजूर झाली. त्या लशीतल्या एका प्रथिनाचा जिवाणूच्या अंगावरचा उद्योग पाहा. आपल्या रक्तात ‘फॅक्टर एच’ फिरत असतो. ज्या पेशीवर तो बसेल ती आपली समजून रक्तातली मारक यंत्रणा तिला सोडून देते. हे प्रथिन त्यालाच पकडून जिवाणूवर आणून बसवतं.