उतारशाळा आणि परत येणारा शोमरोनी

मननासाठीं वाचावें : लूक १०:३०-३७, प्रेषितांचीं कृत्यें ६:१-७



यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर लुटारूंच्या हातीं सांपडलेल्या मनुष्याचा दाखला आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही पाठ आहे. याजक बाजूनें गेला, लेवी बाजूनें गेला आणि शोमरोनी थांबला. एवढें सांगून आपण बहुधा दाखला संपवितों. परंतु प्रभूनें तो तेथें संपविला नाहीं. शोमरोन्यानें त्या जखमी मनुष्यास उतारशाळेंत नेलें, त्याची स्वतः शुश्रूषा केली, दुसऱ्या दिवशीं तेथील रक्षकाच्या हातीं दोन दिनार ठेवले, अधिक खर्च झाल्यास परत आल्यावर तो फेडण्याचें वचन दिलें, आणि मगच तो आपल्या वाटेस लागला. या शेवटच्या भागावर फारसे उपदेश होत नाहींत. आज आम्ही त्याच भागाकडे आपलें लक्ष वेधूं इच्छितों; कारण आपल्या पुष्कळ कुटुंबांचा आजचा प्रश्न त्या रस्त्यावरचा नसून उतारशाळेंतला आहे.

छत्रपती संभाजीनगर, ज्यास २०२३ सालापर्यंत औरंगाबाद म्हणत, त्याच्या आसपासच्या खेड्यांची स्थिति वाचकांस ठाऊकच आहे. पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, सिल्लोड या तालुक्यांतील तरुण वाळूजच्या व चिकलठाण्याच्या कारखान्यांत, किंवा पुण्यामुंबईस कामाला जातात. मराठवाड्यांतील ऊसतोडीचीं कुटुंबें दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड बांधून निघतात, तीं उन्हाळा लागतां परततात. मागें ओसरीवर उरतात तीं म्हातारीं माणसें. २०११ च्या जनगणनेंत आपल्या राज्यांत शंभर माणसांमागें सुमारें दहा माणसें साठ वर्षांपुढचीं होतीं. तेव्हांपासून तें प्रमाण वाढतच आहे. १९९५ सालीं राज्य सरकारनें मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली, व तिच्यांतील एक आश्रम या शहरानजीक पैठण रस्त्यावर उभा राहिला. सरकारी घाटी रुग्णालयांत वृद्धांच्या आजारांसाठीं वेगळा विभाग आहे. शिवाय दरमहा पैसे भरून जेथें अंथरुणास खिळलेल्या माणसाची सेवा होते, अशीं खासगी शुश्रूषागृहेंही निघालीं आहेत. आपल्या मंडळ्यांतील कांहीं कुटुंबांनीं अशा ठिकाणीं आपलीं माणसें ठेविलीं. त्यांस आलेले अनुभव एकसारखे नाहींत. त्यांतील तीन आम्ही सांगतों. कोणत्याही घराचें किंवा माणसाचें नांव आम्ही घेत नाहीं. कारण एखाद्याची निंदा किंवा जाहिरात करण्याचा आमचा हेतु नाहीं.

एका कुटुंबांतील आई स्मृतिभ्रंशानें ग्रासली होती. रात्रीं उठून ती दोनदा मोठ्या रस्त्यावर गेली. मुलगा कारखान्यांत रात्रपाळीस, सून दिवसा कामास. शेवटीं त्यांनीं रडत रडत तिला शुश्रूषागृहांत नेलें. तेथील एका आयेच्या ध्यानांत आलें कीं, ही म्हातारी ताटांतली भाकरी शिवत नाहीं, पण दुधांत कुस्करून दिली तर खाते. तिनें रोज तसें दिलें. तीन महिन्यांत आईच्या अंगावर पुन्हां मांस दिसूं लागलें. मुलगा दर रविवारीं उपासनेनंतर तिच्यापाशीं जाऊन बसतो. ती त्याला ओळखत नाहीं, परंतु त्याचा हात सोडीत नाहीं.

दुसऱ्या कुटुंबांतील वडिलांस अर्धांगवायु झाला होता. मुलगा परगांवीं होता. तो दरमहा पैसे न चुकतां पाठवी, आणि फोनवर विचारलें म्हणजे ‘बाबा बरे आहेत’ असें उत्तर येई. नाताळांत तो भेटावयास गेला व त्यानें वडिलांस कुशीवर वळविलें, तेव्हां माकडहाडाशीं हाडापर्यंत पोहोंचलेली जखम त्याच्या दृष्टीस पडली. ती एका दिवसाची नव्हती. रुग्णालयांत ती भरून येण्यास कित्येक महिने लागले.

तिसरें उदाहरण सर्वांत शांत आहे. एका आईस अन्न, वस्त्र, औषध, स्वच्छ अंथरूण सर्व कांहीं वेळेवर मिळतें. कोणी तिला उणा शब्द बोलत नाहीं. परंतु ती रविवारीं सकाळीं नवें लुगडें नेसून फाटकाजवळच्या बांकावर बसते व दिवे लागल्यावर उठते. दाखल करतांना लिहून दिलेल्या फोनवर कोणी उत्तर देत नाहीं. येथें त्या घराचा दोष काय?

आतां या अनुभवांवर आपण वचनाचा प्रकाश पाडूं.

पहिली गोष्ट ही कीं, आजारी माणसास योग्य हातीं सोपविणें हें पाप नव्हे. हें आम्ही मुद्दाम आधीं सांगतों, कारण येथें आमचाही एक अपराध आहे. पहिल्या कुटुंबानें आईस शुश्रूषागृहांत नेलें, तेव्हां मंडळींतील लोक कुजबुजूं लागले. ‘देवाची आज्ञा मोडली,’ ‘सुनेला सासू नकोशी झाली,’ असें भक्तीनंतर अंगणांत उघड बोलणें झालें. सून कित्येक रविवार भक्तीस आली नाहीं. आम्ही तेथें होतों आणि गप्प राहिलों. त्या बोलणाऱ्यांपैकीं एकानेंही, ‘आज रात्रीं मी तुझ्या सासूपाशीं बसतें, तूं झोंप,’ असें कधीं म्हटलें नव्हतें. शोमरोन्यानें जखमी मनुष्यास आपल्या घरीं नेलें नाहीं म्हणून प्रभूनें त्यास दोष दिला काय? वधस्तंभावर असतां प्रभूनें स्वतः आपल्या आईस आपल्या आवडत्या शिष्याच्या हातीं दिलें, हें योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायांत आहे. त्यानें तिला नुसतें कोठें ठेविलें नाहीं. नातें लावून दिलें. सोपविणें आणि टाकणें यांत भेद आहे तो एवढाच.

तो भेद विसरणाऱ्यांसही प्रभूनें सोडलें नाहीं. मार्काच्या सातव्या अध्यायांत, ‘हें देवास वाहिलें आहे’ असें म्हणून आईबापांचा हक्क बुडविणाऱ्यांचा त्यानें निषेध केला आहे. आपल्या काळीं ‘कुर्बान’ हा शब्द कोणी उच्चारीत नाहीं, परंतु त्याच्या जागीं दुसरे शब्द आले आहेत : मुलांचें शिक्षण, घराचे हप्ते, सुटी मिळत नाहीं. हीं कारणें खरीं असतात. तीं खरीं आहेत कीं आड घेतलेलीं आहेत, हें ज्याचें त्यानें देवासमोर गुडघे टेकून ठरवावें.

दुसरी गोष्ट, पैसे देऊन कर्तव्य संपत नाहीं. एक दिनार म्हणजे द्राक्षमळ्यांतील मजुराची एका दिवसाची मजुरी, हें मत्तयाच्या विसाव्या अध्यायावरून कळतें. शोमरोन्यानें दोन दिवसांची मजुरी दिली. पण तिच्याहून मोलाचें त्यानें जें दिलें तें परत येण्याचें वचन. ज्या रोग्यासाठीं कोणी परत येणार आहे, त्याची काळजी रक्षक निराळ्या रीतीनें घेतो. हा मनुष्यस्वभाव प्रभूस ठाऊक होता. दुसऱ्या कुटुंबांतील मुलगा दुष्ट नव्हता. त्यानें दिनार पाठविले, पण तो परत गेला नाहीं.

म्हणून ज्यांचीं माणसें अशा ठिकाणीं आहेत त्यांनीं वारंवार जावें, व नेहमीं ठरल्या वेळींच जाऊं नये. गेल्यावर दाराशीं उभें राहून विचारपूस करून परतूं नये. पांघरूण काढून टांचा, खुबे व माकडहाड पाहावें. हाडावर सतत भार पडतो तेथें कातडी आधीं लाल होते व मग फुटते. जो स्वतः कूस बदलूं शकत नाहीं, त्यास साधारण दर दोन तासांनीं वळवावें लागतें. रात्रीं हें कोण करतें तें विचारावें. पाण्याचें भांडें हातास येईल असें आहे काय, नखें कापलेलीं आहेत काय, अंथरूण कोरडें आहे काय, मागच्या महिन्यापेक्षां वजन घटलें काय, हें पाहावें. आणि आजारी माणूस बोलूं शकत असेल, तर त्याच्याशीं एकट्यानें बोलावें. दाखल करण्यापूर्वींच विचारून ठेवावें कीं, डॉक्टर किती दिवसांनीं येतात, प्रकृति बिघडल्यास कोणत्या रुग्णालयांत नेतात, घरीं कोणास कळवितात, आणि भरलेल्या पैशांत काय काय येतें. हीं उत्तरें लेखी घ्यावीं.

तिसरी गोष्ट, तक्रार करणें म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. आपल्या खेड्यांतील माणसें गरीब. ‘त्यांनीं ठेवून घेतलें हेंच उपकार, आतां काय बोलावें? बोललों तर म्हातारीला घरीं पाठवितील,’ या भयानें तीं मुकाट राहतात. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय उघडून पाहा. पहिल्या मंडळींतच, रोजच्या वांटणींत आपल्या विधवांची हेळसांड होते अशी ग्रीक बोलणाऱ्यांनीं कुरकुर केली. बारा प्रेषितांनीं त्यांस ‘कुरकुर करूं नका’ असें दटाविलें नाहीं, कीं विधवांस समाधान मानावयास सांगितलें नाहीं. सात चांगल्या नांवलौकिकाचे पुरुष निवडावयास त्यांनीं सांगितलें. आणि त्या सातांचीं नांवें वाचतां तीं सर्व ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्यांच्याच भाषेचे लोक बहुधा वांटणीवर नेमले गेले. अशा रीतीनें एका तक्रारीतून मंडळींत सेवकांचें काम सुरू झालें.

म्हणून दोष दिसल्यास आधीं तेथील व्यवस्थापकास शांतपणें सांगावें, मग तारीख घालून लिहून द्यावें व त्याची प्रत ठेवावी. तरीही सुधारणा न झाल्यास जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाकडे जावें. ज्येष्ठ नागरिकांसाठीं १४५६७ हा विनामूल्य दूरध्वनि आहे. आणि जीं मुलें आईबापांस पोसण्याचें नाकारतात त्यांच्यासाठीं २००७ सालचा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा आहे. त्याखालीं उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढें अर्ज करतां येतो व वकील लावावाच लागत नाहीं. दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत चरितार्थ ठरवितां येतो. वृद्धास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. सांभाळ करण्याच्या अटीवर शेत किंवा घर मुलाच्या नांवें करून दिलें असेल व तो सांभाळीत नसेल, तर तें हस्तांतरण रद्द करून घेतां येतें. हें सर्व आम्ही भांडणें लावण्याकरितां सांगत नाहीं. पांचवी आज्ञा जेथें हृदयावर लिहिलेली नसते, तेथें ती कागदावर तरी वाचून दाखवावी लागते.

चौथी गोष्ट उतारशाळेच्या रक्षकाविषयीं. त्यानें पुढें काय केलें तें दाखल्यांत सांगितलेलें नाहीं. म्हणून आपणही त्याला विसरतों. पण रात्रभर त्या अनोळखी मनुष्याच्या जखमा कोणी धुतल्या असतील? आपल्या शुश्रूषागृहांतील आया व मावश्या बहुतेक आपल्यासारख्याच गरीब घरच्या असतात. एकेकीच्या वांट्यास रात्रीं कितीतरी खाटा येतात. ज्या माणसाचा मळ त्याच्या पोटच्या मुलानें कधीं काढला नाहीं, तो त्या काढतात. चुकलें तेथें जाब विचारावा हें वर सांगितलेंच. परंतु जी मावशी भाकरी दुधांत कुस्करून देते, तिला तिच्या नांवानें हांक मारून दोन शब्द आभाराचे कितीजण बोलतात? पंडिता रमाबाईंच्या केडगांवच्या मुक्तिसदनांत निराधार स्त्रियांची सेवा झाली, ती अशाच नांव न राहिलेल्या हातांनीं झाली. आपल्या मंडळ्यांतील किती मुली परिचारिका होऊन तेंच काम करीत आहेत! त्यांच्यासाठीं आपण भक्तींत प्रार्थना करतों काय?

आतां उपदेशक बंधूंस दोन शब्द. आपल्या गांवांतील वृद्धांची एक यादी करावी. जीं घरीं आहेत त्यांची, व जीं दूर ठेविलीं आहेत त्यांचीही. ऊसतोडीचीं कुटुंबें निघण्याच्या आधींच्या रविवारीं, मागें राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या घरीं कोणी कोणत्या वारीं जावयाचें तें मंडळीसमोर ठरवावें. शहरांत ज्याचें माणूस आहे व ज्यास गाडीभाडें परवडत नाहीं, त्यास महिन्यांतून एकदां तें भाडें दानपेटींतून द्यावें. पौलानें तीमथ्यास विधवांविषयीं लिहिलें त्यांतही हाच क्रम आहे, आधीं घरच्यांनीं आणि जेथें घरचें कोणी नाहीं तेथें मंडळीनें. प्रभुभोजनाची भाकर त्या खाटांपर्यंत पोहोंचेल अशी पाळकांस विनंति करावी. आणि ज्या घरानें आपलें माणूस सोपविलें, त्या घरीं कुजबुज पोहोंचण्याआधीं आपण पोहोंचावें.

त्या फाटकाजवळच्या बांकावरील आईकडे आम्ही मागच्या महिन्यांत दोघेजण गेलों. तिनें आम्हांस ओळखीचें समजून खेड्याची, विहिरीची, शेजारणीची चौकशी केली. निघतांना तिनें एकच विचारलें : ‘पुन्हां कधीं याल?’ आम्ही तारीख सांगितली, व तिनें ती बोटांवर मोजली.

वाचकहो, शोमरोन्याचें वचन आतां आपल्याकडे आहे. ज्यांस आपण कोठें सोपविलें आहे, त्यांच्यासाठीं परत जाण्याची बुद्धि, बळ व सवड, तिन्ही, कृपाळू पिता आम्हां सर्वांस देवो. आमेन.