हलवून पाहणे

एखाद्या गोष्टीला जराही न हलवता तिची खरी ओळख पटते काय? आमच्या चंद्रपूरकडे याचे उत्तर होकारार्थी देतील. ताडोब्याच्या जंगलात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याकाठी मचाणावर बसणारी माणसे दिवा लावीत नाहीत, खोकलादेखील गिळतात, आणि चांदण्यात जे जनावर येईल ते मोजतात. पाहणाऱ्याने स्वतःला पुसून टाकावे, ही श्रद्धा मीही पुष्कळ वर्षे बाळगली. इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग शास्त्रज्ञ कसा पाहतात हे वाचले, आणि ती डळमळली.

द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्टीवर जे घडते ते तिच्या अगदी वरच्या, अणूएवढ्या जाडीच्या थरात घडते. पट्टी बाहेर काढून निर्वात पोकळीत नेली तर ती पाण्यात होती तशी राहत नाही. म्हणून द्रावणातूनच तिच्यावर प्रकाश सोडायचा आणि परतलेला किरण पाहायचा. पण त्या किरणात वरच्या थराची कुजबुज दहा हजारांत एखादा भाग, कधी त्याहूनही कमी. बाकी सारा गोंगाट आतल्या धातूचा आणि दिव्याच्या थरथरीचा. तेव्हा पट्टीवरचा विद्युत्दाब व्होल्टच्या लहानशा अंशाने, ठरलेल्या ठेक्यात खालीवर करतात, आणि परतलेल्या प्रकाशातला त्याच ठेक्यात डोलणारा अंश तेवढा वेचून घेतात. सोन्याचांदीवर फाइनलाइब यांनी १९६६ साली हे करून दाखवले.

म्हणजे येथे पाहणारा लपत नाही. तो धक्का देतो. ठेका जलद केला तर पृष्ठभागावरच्या मंद क्रियांना साथ देता येत नाही, सावकाश केला तर त्या डोलू लागतात. (वर्गात ज्या पोरांना मी मठ्ठ ठरवले, त्यांना माझा ठेका तर जलद झाला नसेल?)

कादंबरीसाठी मी एकदा भामरागडकडे गेलो होतो. एका माडिया म्हातारीला दुभाष्यामार्फत विचारले, "मुलगा गेला तेव्हा तुम्हाला रानाचा राग आला ना?" ती हो म्हणाली. मी लिहून घेतले. वाचकांना तेच प्रकरण सर्वांत आवडले. परतीच्या वाटेवर दुभाष्या म्हणाला होता, "गुरुजी, राग तुम्हीच विचारला. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?" ते वाक्य मी कादंबरीत घेतले नाही.

विचारले हा अपराध नव्हे. गप्प बसतो तर ती एक शब्द बोलली नसती. शास्त्रज्ञही आपलाच ठेका ऐकतो. परंतु तो रंगामागून रंग बदलून पाहतो, आणि कोणत्या रंगाला किती डोलायचे हे पृष्ठभाग ठरवतो. मी एकच रंग टाकला, तोही एकदाच, आणि धक्का किती मोठा होता ते मोजलेही नाही. हेमलकशाला आलेले डॉ. प्रकाश आणि मंदा आमटे आधी माडिया भाषा शिकले, हे मला ठाऊक होते. मी दुभाष्यावर भागवले.

यंदा त्यालाच विचारले, पुन्हा गेलो तर म्हातारीला काय विचारू?

तो म्हणाला, "आधी पाऊस कसा झाला ते विचारा."