पाचोळ्याला जागा

फाल्गुन लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या कोपऱ्यांतून धूर निघू लागतो. परवा आमच्याकडे तो थेट स्वयंपाकघरात शिरला. हटकलं, तर सेक्रेटरी म्हणाले, "अहो, पाचोळाच तर आहे. प्लास्टिक थोडंच जाळतोय?"

उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांनी मनाई आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण पाचोळ्याचा धूर निरुपद्रवी, ही समजूत पक्की. ढिगाचा वरचा थर कुरकुरीत असला तरी खाली झाडांना घातलेल्या पाण्याची ओल असते. म्हणून तो भडकत नाही, तासन्‌तास धुमसतो. अशा अर्धवट जळण्यातूनच कार्बन मोनॉक्साइड आणि फुप्फुसात खोलवर जाणारे पीएम २.५ कण जास्त सुटतात. कचरा नाहीसा करणं वेगळं आणि नजरेआड करणं वेगळं. जाळलेला पाचोळा अंगणातून उठतो आणि तळमजल्यावरच्या दमेकऱ्याच्या छातीत जातो.

"मग आमच्या कोकणात राब भाजतात, त्याचं काय?" हा सेक्रेटरींचा हुकमी एक्का. राबाबद्दल मलाही ममत्व आहे. भाताचं रोप टाकण्याआधी शेण, टहाळ, पाला, गवत यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि भाजायचं. तणाचं बी मरतं, राख रोपाला मिळते. टहाळापायी झाडं ओरबाडली जातात, म्हणून राबालाही नावं ठेवणारे आहेत. तरी राबाची राख शेतात राहते. आमची घंटागाडीत जाते.

पाचोळा साठवला तर साप-विंचू येतील, ही सेक्रेटरींची भीती मात्र खोटी नाही. भिंतीलगत पडून राहिलेल्या ढिगात उंदीर येतात, उंदरांमागे साप. याचं उत्तर शोधू लागलो आणि वाद जाळण्याचा उरलाच नाही, जागेचा झाला. मी दंडाची भाषा करत होतो, पण दंड बसणार कोणाला? माळ्याला. सकाळी सातच्या आत अंगण लख्ख हवं, ही मागणी आपली. झाडलेलं ठेवायचं कुठे, ते मात्र त्याला कोणी सांगत नाही. काडेपेटी त्याच्या हातात आपणच देतो.

उपाय साधा आहे. भिंतीपासून दूर, तारेच्या जाळीचा हौद. पाचोळ्यात कर्ब भरपूर, नत्र कमी. म्हणून नुसता ढीग कुजायला वर्ष घेतो. शेण किंवा भाजीची देठं मिसळून ओल राखली, तर काही महिन्यांत खत तयार. उरलेला पाचोळा आळ्यांत पसरावा. ऐन वैशाखात माती लवकर सुकत नाही.

एका मोटारीला आपण साधारण साडेबारा चौरस मीटर जागा देतो आणि वर पिवळे पट्टेही रंगवतो. तेवढीच जागा पाचोळ्याला द्या. येत्या वार्षिक सभेत हा एकच ठराव मांडा. सूचक तुम्ही व्हा; धुराने खोकणारा अनुमोदक प्रत्येक मजल्यावर मिळेल.