एकादशी धरू का?

माळशिरसहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापूरच्या अलीकडच्या टेकडीवर आली की दिंड्या उतारावरून धावत सुटतात. तुकोबांना इथूनच पंढरीचा कळस दिसला, अशी श्रद्धा आहे. गावाशी मानाचं भारूड होतं, मग पिठलं-भाकरीच्या पंगती उठतात. एकादशी अजून भंडीशेगाव, वाखरीच्या पलीकडे असते. पण वारीतल्या दवाखान्याच्या टेबलापाशी तिचा प्रश्न आधीच येऊन पोचतो. पोटात जळजळतं, मागे दुर्बीण घालून अल्सर निघाला होता, तर एकादशी धरू का? पोटाच्या डॉक्टरने काय सांगावं? ‘तो तुमच्या श्रद्धेचा प्रश्न’ म्हणून हात झटकता येतात, किंवा ‘धरा, उपास शास्त्रीयच आहे’ असं म्हणून टाळी मिळवता येते. दोन्ही उत्तरांत कामचुकारपणा आहे, आणि दुसऱ्यात जास्त.

उपासाने पोटाला विश्रांती मिळते, हे आपलं आवडतं समर्थन. प्रत्यक्षात रिकामं पोट स्वस्थ बसत नाही. दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत आकुंचनाची लाट जाते आणि उरलंसुरलं पुढे लोटते; घरातली माणसं बाहेर पडल्यावर केर काढावा तशी. चार घास खाल्ले की ही झाडलोट थांबते. मग साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी आणि वर वेफर्स खाणाऱ्याच्या पोटाला विश्रांतीही नाही आणि झाडलोटही नाही. आरोग्य हाच उपासाचा आधार मानला तर आपल्या बहुतेक एकादश्या बाद होतील. शिवाय फायद्यासाठी धरलेली एकादशी हा आहाराचा एक प्रकार झाला. उद्या दुसरा प्रकार सरस ठरला की ती सोडायलाही हरकत नाही. विठ्ठलासाठी जेवण सोडणाऱ्याने असा हिशोब मांडलेला नसतो, आणि तो त्याच्या वतीने मांडणं हा त्याचा गौरव नव्हे.

मग डॉक्टरने धर्म-तत्त्वज्ञानाच्या वाटेला जाऊच नये काय? मुंबईच्या केईएम रुग्णालयात पोटाच्या शस्त्रक्रिया केलेल्या डॉ. रवी बापटांनी ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ हे पुस्तक लिहिलं. डॉक्टर लिहितो, कीर्तन ऐकतो याचं आपल्याला कौतुक असतं, पण ते छंदाचं. छंद कामात आला की धोका, असा आक्षेप निघू शकतो, आणि तो पोकळ नाही. मराठीत पोट म्हणजे जवळजवळ मनच: माया पोटात, अपराध पोटात घालायचे, दुसऱ्याचं बरं झालं की दुखतं तेही पोटच. अशा भाषेत वाढलेल्याला अल्सरमागे चिंता दिसणं सोपं, आणि जगभरचं वैद्यकही दीर्घकाळ तेच म्हणत होतं. अल्सरमागे जिवाणू असतो हे पटवण्यासाठी 1984 मध्ये बॅरी मार्शलने जिवाणूंचं द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. रॉबिन वॉरनसह त्याला 2005 चं नोबेल मिळालं. आता बहुतेकांचा तो अल्सर प्रतिजैविकांनी बरा होतो. चिंतेवरच्या प्रवचनाने जिवाणू मरत नव्हता. पण यातून छंद सोडा असं निघत नाही. दुर्बिणीने द्यायचं उत्तर पोथीकडून घेऊ नका, एवढंच निघतं. गुडघ्यासाठी वाटेत कुठली गोळी घेता, हे वारकऱ्याला विचारायलाच हवं, कारण जिवाणूखालोखाल अल्सर करतात त्या दुखण्यावरच्या गोळ्याच. तसंच पोथीने द्यायचं उत्तरही दुर्बिणीतून ओढून काढता येत नाही.

आणि पोथीचं उत्तर डॉक्टरला ठाऊक असेल तर त्याचा उपयोग होतो. इन्सुलिन घेणाऱ्याला नुसतं ‘उपास नको’ म्हटलं तर तो मान डोलावतो आणि एकादशी धरतोच. वर डॉक्टरपासून ती लपवतो. महाभारताच्या उद्योगपर्वात मात्र व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत फळं, कंदमुळं, दूध, गुरूचा शब्द येतो. हे सांगणारा डॉक्टर वारकऱ्याला धर्म शिकवत नाही. दोघांच्या ओळखीचं बोलतो, मग इन्सुलिनचा डोस ठरवता येतो. आम्ल कमी करणारी गोळी तर एरवीही अनशापोटीच घ्यायची. ती एकादशीच्या पहाटेही घ्यावी, घोटभर पाण्याबरोबर. त्या आठांत पहिलं नाव पाण्याचं आहे, शेवटचं औषधाचं.